वृद्ध माता-पित्यांचा कर्करोग आणि उपचारांचा विवेक

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका वैद्यकीय व्यावसायिकाने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेचे एक पुष्प गुंफण्याची संधी विश्वस्त मंडळाने मला दिली, याबद्दल मी मंडळाचा मनःपूर्वक ऋणी आहे. मधुमेह, हृदयविकार किंवा सांधेदुखी यांपैकी एखाद्या विषयावर मी बोलावे, असे प्रथम सुचविण्यात आले होते. त्या विषयांवर बोलणारे पुष्कळ आहेत. म्हणून घरात रोज सोसला जाणारा, परंतु सभेत सहसा न बोलला जाणारा विषय मी मागून घेतला. पंचाहत्तरी किंवा ऐंशी ओलांडलेल्या आईला अथवा वडिलांना कर्करोगाचे निदान झाले, तर मुलांनी काय करावे? उपचार करावेत का, कोणते करावेत, आणि कुठे थांबावे?

आपल्या समाजात आयुर्मान वाढले आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु जसजसे वय वाढते, तसतसे पेशींच्या रचनेतील बिघाड साचत जातात आणि कर्करोगाची शक्यताही वाढत जाते. त्यामुळे हा प्रश्न आज ना उद्या आपल्यापैकी अनेकांच्या दारी येणार आहे. तो आल्यावर विचार करण्यास वेळही मिळत नाही आणि मनही ठिकाणावर राहत नाही. विचार आधीच करून ठेवलेला बरा.

गेली तीस वर्षे मी माझ्या खोलीत एक दृश्य पाहत आलो आहे. अहवालांची पिशवी घेऊन मुलगा येतो, सून येते, जावई येतात, एखादे काका येतात. चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, "डॉक्टर, पैशाची काळजी करू नका, जे जगात उत्तम असेल ते करा." कोणी म्हणतो, "आता या वयात कशाला हाल करायचे?" दोघांच्याही डोळ्यांत पाणी असते आणि दोघेही मनापासून बोलत असतात. परंतु ज्यांच्या देहावर हे सारे व्हावयाचे आहे, ते वडील मात्र बाहेरच्या बाकावर बसलेले असतात. आज मला मुख्यतः एवढेच सांगावयाचे आहे, की त्यांना आत बोलवावे. उपचाराची निवड त्यांच्या आजाराकडे, त्यांच्या शरीराकडे आणि त्यांच्या इच्छेकडे पाहून व्हावी. मुलांची भीती, अपराधीपणाची भावना किंवा लोक काय म्हणतील, यावरून ती होऊ नये.

नाव एक, आजार अनेक

कर्करोग हा शब्द ऐकताच आपण एकाच भयंकर रोगाची कल्पना करतो. वास्तविक ते अनेक रोगांचे समान नाव आहे. कोणत्या अवयवाचा, कोणत्या प्रकारचा आणि कोणत्या अवस्थेतील, यावर सारे अवलंबून असते. त्यामुळे डॉक्टरांना विचारण्याचा पहिला प्रश्न "उपचार कोणता?" हा नसून "उपचाराचा हेतू कोणता?" हा असला पाहिजे. हेतू तीन असू शकतात : रोग समूळ बरा करणे, रोगाला आवर घालून आयुष्य वाढविणे, किंवा त्रास कमी करणे. हेतू स्पष्ट झाला की किती कष्ट सोसणे योग्य, हेही ठरविता येते. बरे होण्यासाठी माणूस महिनाभराचे हाल आनंदाने सोसेल. परंतु केवळ त्रास कमी करण्यासाठी दिलेल्या उपचाराने त्रासच वाढत असेल, तर त्या उपचाराला अर्थ राहत नाही.

काही उदाहरणे देतो. मोठ्या आतड्याची गाठ लवकर सापडली, तर ऐंशीच्या घरातील परंतु हिंडत्या-फिरत्या माणसाचीही शस्त्रक्रिया यशस्वी होऊ शकते. अशा वेळी "आता वय झाले" म्हणून नकार देणे म्हणजे बरा होऊ शकणारा रोग वाढू देणे होय. पुढे आतड्याचा मार्गच बंद झाला, तर तीच शस्त्रक्रिया रात्री-अपरात्री, घाईघाईने आणि अधिक धोका पत्करून करावी लागते.

याउलट, पौरुष ग्रंथीचा म्हणजे प्रोस्टेटचा सौम्य प्रकारचा कर्करोग वृद्धांमध्ये इतक्या संथ गतीने वाढतो, की अनेकांच्या बाबतीत नियमित तपासणी करीत लक्ष ठेवणे हाच योग्य उपाय ठरतो.

स्तनाच्या कर्करोगाचे उदाहरण विशेष बोलके आहे. अमेरिकेत १९९४ साली सुरू झालेल्या एका अभ्यासात सत्तर वर्षांवरील ६३६ स्त्रियांचा समावेश होता. या सर्वांची गाठ लहान व हार्मोनला प्रतिसाद देणारी होती. गाठ काढल्यानंतर सर्वांना टॅमॉक्सिफेनची गोळी दिली गेली. निम्म्या स्त्रियांना त्यासोबत किरणोपचारही दिले गेले. किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांपैकी ९८ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी ९० टक्के स्त्रिया दहा वर्षांनंतर त्या जागी पुन्हा गाठ येण्यापासून मुक्त होत्या. म्हणजे किरणोपचारांचा लाभ होता. परंतु दोन्ही गटांतील स्त्रियांचे आयुर्मान जवळजवळ सारखेच राहिले. आता आठवडेच्या आठवडे रोज शहरात जाऊन किरणोपचार घ्यावेत, की पुन्हा गाठ येण्याची थोडी अधिक शक्यता स्वीकारून घरी राहावे? दोन्ही उत्तरे योग्य आहेत. कोणते स्वीकारायचे, हे त्या मातेने ठरवावयाचे आहे.

आपल्या देशात तोंडाचा व घशाचा कर्करोग फार आढळतो. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे. डोक्याचा व मानेचा कर्करोग पुढच्या अवस्थेत गेलेल्या ४२२ रुग्णांवर तेथे झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. एका गटाला सिस्प्लॅटिन हे औषध शिरेतून दर तीन आठवड्यांनी देण्यात आले. दुसऱ्या गटाला मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या जुन्या व स्वस्त गोळ्या अल्प मात्रेत घरीच देण्यात आल्या. गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान ७.५ महिने, तर शिरेतून औषध घेणाऱ्यांचे ६.१ महिने भरले. गंभीर दुष्परिणाम गोळ्यांच्या गटात १९ टक्के रुग्णांना, तर दुसऱ्या गटात ३० टक्के रुग्णांना झाले. हा अभ्यास केवळ वृद्धांचा नव्हता आणि या गोळ्या कोणी स्वतःहून घ्यावयाच्या नाहीत. परंतु महाग म्हणजे उत्तम आणि सौम्य म्हणजे दुय्यम, ही आपली समजूत किती फसवी आहे, हे त्यातून कळते.

वर्षे मोजू नयेत, शक्ती मोजावी

दुसरा विचार शरीराचा. जन्मपत्रिकेतील वय आणि शरीराचे वय ही दोन वेगळी असतात. ऐंशी वर्षांचे आजोबा पहाटे पायी स्थानकात जातात, स्वतःचे कपडे स्वतः धुतात. आणि अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ आधाराशिवाय उठू शकत नाहीत. दोघांना एकच माप लावून चालणार नाही.

म्हणून वृद्ध रुग्णाचे संपूर्ण मूल्यमापन करण्याची एक पद्धत वैद्यकशास्त्राने विकसित केली आहे. त्यात अगदी साध्या गोष्टी पाहतात. रुग्ण स्वतः स्नान करू शकतो का? गेल्या सहा महिन्यांत पडला होता का? वजन किती घटले? स्मरणशक्ती कशी आहे? मन खचलेले आहे का? रोज एकूण किती औषधे चालू आहेत? मूत्रपिंडाचे कार्य कसे आहे? घरी सोबतीला कोण आहे? या प्रश्नांच्या उत्तरांवरून औषधाची मात्रा कमी करणे, आधी व्यायाम व आहार सुधारणे, अनावश्यक गोळ्या बंद करणे, असे बदल करता येतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बरा न होणारा कर्करोग असलेल्या, सत्तर वर्षे व त्यावरील ७१८ रुग्णांचा समावेश होता. ज्यांच्या डॉक्टरांना असे मूल्यमापन हाती देण्यात आले, त्या रुग्णांपैकी ५१ टक्क्यांना गंभीर दुष्परिणाम झाले. इतरांमध्ये हे प्रमाण ७१ टक्के होते. जगण्याच्या काळात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे औषध बेताने दिल्यामुळे आयुष्य घटले नाही, हाल मात्र कमी झाले.

तेव्हा आपल्या डॉक्टरांना या गोष्टी आपण होऊन सांगाव्यात. आई रात्री दोनदा उठते, तिला कमी ऐकू येते, ती गोळ्या विसरते, हे अहवालात लिहिलेले नसते. ते घरच्यांनाच ठाऊक असते.

सांगावे की न सांगावे?

आता सर्वांत नाजूक प्रश्न. "डॉक्टर, त्यांना काही सांगू नका, ते खचून जातील," ही विनंती मी शेकडो वेळा ऐकली आहे. तिच्यामागचे प्रेम मी जाणतो. परंतु माझा अनुभव असा आहे, की बहुतेक वृद्धांना आपल्या आजाराची कल्पना आलेलीच असते. घरातील कुजबुज, अचानक भेटीस येऊ लागलेले नातेवाईक, डोळे चुकवणारी मुले यांतून ते सारे ताडतात. मग मुले वडिलांपासून लपवितात, वडील मुलांपासून लपवितात, आणि ज्या दिवसांत एकमेकांशी मोकळेपणाने बोलावयास हवे, तेच दिवस खोट्या हास्यात निघून जातात.

एक प्रसंग सांगतो. एकोणऐंशी वर्षांचे एक कापड व्यापारी. घरी सारे त्यांना अण्णा म्हणत. अन्ननलिकेचा कर्करोग, यकृतापर्यंत पोहोचलेला. गिळणे कठीण झालेले. धाकट्या मुलाचा आग्रह, की मुंबईला नेऊन जी असेल ती सर्व केमोथेरपी द्यावी. थोरल्याचे म्हणणे, की काहीच करू नये. मुलीची अट, की रोगाचे नाव त्यांच्या कानावर जाता कामा नये. तिघेही एकमेकांवर रुष्ट झालेले.

मी त्यांची संमती घेऊन अण्णांना आत बोलाविले आणि विचारले, "अण्णा, आपल्या आजाराविषयी आपल्याला किती जाणून घ्यायला आवडेल?" ते म्हणाले, "डॉक्टर, मी पन्नास वर्षे खातेवही लिहिली आहे. शिल्लक किती हे कळल्याशिवाय व्यवहार कसा करू?" मग मी त्यांना समजेल अशा भाषेत, सावकाश, सारे सांगितले. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. सकाळची दूध-भाकरी तोंडाने खाता आली पाहिजे. नाकात नळी घालून जगावयाचे नाही. आणि ज्या धाकट्या भावाशी अकरा वर्षे बोलणे बंद होते, त्याच्या गावी जाऊन क्षमापना करावयाची आहे. तेवढी शक्ती अंगात राहिली पाहिजे.

त्या क्षणी तिन्ही मुलांचा वाद मिटला. अन्ननलिकेत दुर्बिणीतून जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसविण्यात आला. केमोथेरपीचा विचार अण्णांनी ऐकून घेतला आणि नम्रपणे नाकारला. कुस्करलेली दूध-भाकरी ते खाऊ लागले. तिसऱ्या आठवड्यात भावाकडे जाऊन आले. त्यानंतर सुमारे पाच महिने ते घरीच होते. केमोथेरपीने कदाचित आणखी काही आठवडे मिळाले असते, कदाचित नसतेही. परंतु मुलांच्या मनात "आपण चुकलो का?" हा काटा राहिला नाही, कारण निर्णय अण्णांचा होता.

सर्वांनाच सारे तपशील जाणून घ्यावयाचे नसतात. कोणी म्हणते, "मला काही सांगू नका, मोठा मुलगा ठरवील ते मला मान्य." तीही त्यांची इच्छाच आहे आणि तिचाही आदर व्हावा. परंतु ही निवड त्यांना विचारून समजली पाहिजे. आपण गृहीत धरता कामा नये. बोलताना घाई नको. एकाच बैठकीत सर्व सांगून मोकळे होण्यापेक्षा, ते विचारतील तेवढे सांगावे आणि पुढील दार उघडे ठेवावे.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न

डॉक्टरांकडे जाताना प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि उत्तरेही लिहून घ्यावीत. माझ्या मते पुढील सहा प्रश्न पुरेसे आहेत.

१. या उपचाराचा हेतू काय : बरे करणे, आयुष्य वाढविणे, की त्रास कमी करणे?
२. काहीच केले नाही, तर पुढील काही महिन्यांत काय होण्याची शक्यता आहे आणि त्या त्रासावर उपाय काय?
३. उपचार केल्यास चांगल्यात चांगले काय होईल, वाईटात वाईट काय होईल, आणि आमच्या रुग्णाच्या बाबतीत सर्वाधिक संभव कशाचा?
४. रुग्णालयाच्या किती खेपा, किती दिवसांचा मुक्काम, आणि घरी कोणती शुश्रूषा लागेल?
५. यापेक्षा सौम्य पर्याय आहे का?
६. उपचाराचा उपयोग होत नाही हे आपण कधी आणि कशावरून ठरवावयाचे?

शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. परंतु थांबण्याचे ठिकाण आधी ठरलेले असेल, तर सुरुवात करणे सोपे जाते. "दोन महिने घेऊन पाहू, मग तपासणी करू, आणि अण्णांना झेपत नसेल तर बंद करू," असे ठरवून उपचार सुरू करण्यात कोणताही कमीपणा नाही. शंका असल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे. मात्र दहा ठिकाणी दहा मते घेत हिंडण्यात रुग्णाची शक्ती आणि मोलाचा वेळ खर्च होतो, याचेही भान ठेवावे.

आपले नियम आणि औषधोपचार

आपल्या ज्येष्ठांना औषधांपेक्षा कित्येकदा आपल्या नियमांची चिंता अधिक असते. रात्री पाणीही न घेणारी आजी रुग्णालयाच्या नावानेच घाबरते. येथे मुलांनी तिला टोकू नये आणि डॉक्टरांपासून काही लपवूही नये. आधी सांगितल्यास बहुतेक वेळा मार्ग निघतो.

मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी घ्यावी लागते; परंतु बारा तास प्रभाव टिकणाऱ्या गोळ्याही असतात. त्वचेवर चिकटविण्याची फेंटानिलची पट्टी तर साधारणपणे तीन दिवस पुरते. त्यामुळे ज्यांचा चौविहार आहे, त्यांची रात्रही वेदनेविना जाऊ शकते. कॅपेसिटाबिन ही केमोथेरपीची गोळी जेवणानंतर अर्ध्या तासात, दिवसातून दोनदा, सुमारे बारा तासांच्या अंतराने घेतात; नवकारसीनंतरचा अल्पाहार आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन यांच्याशी तिचा मेळ बसविणे डॉक्टरांच्या सल्ल्याने शक्य असते. अनेक कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. तेच औषध गोळीच्या वा द्रवाच्या स्वरूपात मिळते का, हे विचारावे. रक्त पातळ ठेवणारे हेपरिन डुकराच्या आतड्यापासून मिळवितात. त्याऐवजी फोंडापॅरिनक्ससारखे प्रयोगशाळेत तयार झालेले औषध चालेल का, हेही विचारता येते. चालत नसेल तर काय करावयाचे, हे रुग्णाने स्वतः, वाटल्यास गुरुमहाराजांचा सल्ला घेऊन, ठरवावे.

कंदमुळे वर्ज्य असल्याने पोषणात काहीही उणे पडत नाही. मूग, मसूर, दूध, पनीर, दही, सातूचे पीठ, शेंगदाण्याचे कूट यांतून प्रथिने मिळतात. परंतु केमोथेरपी चालू असताना उपवास, आयंबिल किंवा पाणी कमी पिणे टाळावे, ही माझी हात जोडून विनंती आहे. शरीरातील पाणी घटले, की मूत्रपिंडांवर ताण येतो आणि औषधाचे दुष्परिणाम वाढतात.

वेदनामुक्ती हाही उपचारच

"आता काही करण्यासारखे उरले नाही, घरी घेऊन जा." हे वाक्य वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने कधीही पूर्ण खरे नसते. रोगावर करण्यासारखे उरले नसेल. रुग्णासाठी करण्यासारखे पुष्कळ उरलेले असते. वेदना, धाप, मळमळ, बद्धकोष्ठ, निद्रानाश, भीती, या प्रत्येकावर उपाय आहेत. या शास्त्राला उपशामक सेवा किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस स्थापन करून या सेवेला आधुनिक रूप दिले. आपल्याकडे मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झाले, तर पुण्यात वारजे येथे १९९७ साली सिप्ला संस्थेचे केंद्र उभे राहिले.

ही सेवा अखेरच्या आठवड्यातच घ्यावयाची असते, हा मोठा गैरसमज आहे. बोस्टनमध्ये फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निदानापासूनच ज्यांना नेहमीच्या उपचारांसोबत उपशामक सेवा मिळाली, त्यांचे दिवस अधिक सुखाचे गेले. शेवटच्या काळात त्यांच्यावर कमी तीव्र उपचार झाले. तरीही त्यांचे मध्यम आयुर्मान ११.६ महिने होते, इतरांचे ८.९ महिने. हाडातील गाठीच्या वेदनेवर तर अनेकदा किरणोपचाराची एकच मात्रा दीर्घ मालिकेइतका आराम देते.

मॉर्फिनविषयी आपल्या मनात फार भीती आहे. ते अफूपासून होते, व्यसन लागेल, असे वाटते. कर्करोगाच्या वेदनेसाठी योग्य मात्रेत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिल्यास व्यसन लागण्याचा प्रकार विरळा. बद्धकोष्ठ मात्र होतेच, म्हणून त्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यावे लागते. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यामुळे हे औषध मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांचा मार्ग सुकर झाला.

संथारा आणि वैद्यकीय निर्णय

आपल्या सभेत हा विषय टाळणे योग्य होणार नाही. संथारा अथवा सल्लेखना हे धार्मिक व्रत आहे. त्याविषयी सांगण्याचा अधिकार साधु-साध्वींचा आहे, माझा नाही. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी या व्रताविरुद्ध निर्णय दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१५ रोजी त्यास स्थगिती दिली, हे आपणांस ज्ञात आहेच. डॉक्टर म्हणून मला तीनच गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली, वेदना असह्य झाली म्हणून "आता मला जाऊ द्या" असे म्हणणे म्हणजे वैराग्य नव्हे. आपल्या शास्त्रकारांनी या व्रताच्या अतिचारांत जीविताशंसा आणि मरणाशंसा या दोन्हींचा समावेश केला आहे. जगण्याची आसक्तीही नको आणि मरणाची घाईही नको. म्हणून प्रथम वेदना शमवावी, मनाचे औदासीन्य तपासावे. आणि मग ते काय म्हणतात, हे ऐकावे. दुखणे थांबल्यावर पुन्हा नातवंडांत रमलेले आजोबा मी पाहिले आहेत.

दुसरी, कुटुंबीयांनी उपचाराचा खर्च वा त्रास टाळण्यासाठी या व्रताचे नाव घेऊ नये. आणि बरा होण्याजोगा आजार असताना ते ज्येष्ठांना सुचवूही नये.

तिसरी, अखेरच्या दिवसांत भूक आपोआप मंदावते. देह अन्न स्वीकारीत नाही, हा रोगाचा क्रम आहे. अशा वेळी चमच्याने बळे भरविल्यास घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. ओठ ओले ठेवावेत, हात हातात घ्यावा, नवकार मंत्र ऐकवावा, हीच सेवा.

कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर ठेवावे की नाही, याविषयी आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निर्णयात मान्य केला. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सुलभ झाली. दोन साक्षीदारांसमक्ष स्वाक्षरी करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. मृत्युपत्राप्रमाणेच हा कागदही हातपाय चालत असतानाच करावा.

खर्च, आणि आपले कर्तव्य

खर्चाविषयी बोलण्याचा संकोच नसावा. घर गहाण ठेवून थोड्या आठवड्यांसाठी महागडी औषधे घेण्याचा हट्ट मुले करतात, आणि ते वडिलांना कळले तर त्यांनाच सर्वाधिक दुःख होते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. त्यासाठी वय वंदना कार्ड काढावे लागते. आपल्या घरातील ज्येष्ठांचे कार्ड आजारी पडण्यापूर्वीच काढून ठेवावे. प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागते, असेही नाही. बार्शीसारख्या ठिकाणीही कर्करोगाचे रुग्णालय आहे, आणि वृद्धांसाठी घराजवळचा उपचार हा पुष्कळदा अधिक हितकर असतो.

शेवटी एक सूचना संस्थेसमोर ठेवतो. केरळात कोझिकोड येथे १९९३ साली सुरू झालेल्या उपशामक सेवेच्या कार्यात सामान्य नागरिक स्वयंसेवक झाले आणि घरोघरी रुग्णांपर्यंत पोहोचले. आपल्या संघातही वीस-पंचवीस श्रावक-श्राविकांना असे प्रशिक्षण देता येईल. एक उंच-खाली होणारा पलंग, हवेची गादी, चाकांची खुर्ची, प्राणवायूचे यंत्र, असे साहित्य संस्थेने ठेवले, तर कोणत्याही घराला ते गरजेच्या वेळी नेता येईल. रात्र-रात्र जागणाऱ्या सुनेला आठवड्यातून एक दुपार विसावा मिळाला, तरी ते मोठे कार्य होईल. रुग्णाच्या सेवेला, वैयावच्चाला, आपल्या परंपरेने आभ्यंतर तपात स्थान दिले आहे. सुवर्णमहोत्सवाची स्मृती म्हणून याहून उचित उपक्रम मला सुचत नाही.

आज घरी गेल्यावर आई-वडिलांजवळ पाच मिनिटे बसावे आणि, आजार नसतानाच, त्यांना विचारावे : "उद्या कधी तब्येत बिघडली, तर आपल्याला काय महत्त्वाचे वाटेल? काय चालेल आणि काय चालणार नाही?" पहिल्या वेळी ते हसून विषय टाळतील, दुसऱ्या वेळी बोलतील. ते जे सांगतील, ते सर्व भावंडांना कळवून ठेवावे. कठीण दिवस आलाच, तर त्यांचे ते शब्दच आपल्याला वाट दाखवतील.